किर्तीच्या डोक्यावरचा फ्लॅट

बकुळाची पोटदुखी सुरू झाली ती धाकट्या जावेच्या गॅलरीपासून. तोवर बाईचं बरं चाललं होतं. उल्हासनगरला कॅम्प पाचात भाड्याची एक खोली, नवरा सदू कंपनीत पॅकिंगला, आणि ही घरी जीन्सचे धागे कापायला. गठ्ठा आला की दारात पाय पसरून बसायचं आणि कात्री चालवता चालवता गल्लीतल्या बायकांची मापं काढायची. धार कात्रीला जास्त की जिभेला, हे गल्लीत कुणालाही विचारा.

मग धाकट्या दिरानं अंबरनाथ पश्चिमेला फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला किर्तीनं तिला हौसेनं गॅलरीत नेलं, म्हणाली, "ताई, बघा ना वारा कसा येतो." झालं! परतताना रिक्षात बकुळा सदूला म्हणते, "वाऱ्याचं कसलं कौतुक? फुकटच मिळतो की तो." सदू बिचारा गप्प. तो लग्नापासून गप्पच आहे. पुढे तिच्या डोळ्यात लिफ्ट खुपली, मग बेसिन, मग किर्तीचं ऊठसूट 'आमच्या सोसायटीत' म्हणणं. दिवाळीत किर्तीनं चकल्या पाठवल्या, तर म्हणे तेलकट आहेत. खाल्ल्या मात्र सगळ्या.

अशा बाईच्या मोबाइलवर एक दिवस जाहिरात आली. अंबरनाथ पश्चिम, वन बीएचके, गॅलरी, हेवी डिपॉझिट. म्हणजे एकदाच मोठी रक्कम मालकाकडे ठेवायची, महिन्याचं भाडं नाही, घर सोडताना रक्कम परत. आपल्याकडे कितीतरी माणसं अशीच राहतात. फोटोतली इमारत बकुळानं झटकन ओळखली. किर्तीचीच! आणि फ्लॅट किर्तीच्या बरोबर वरचा.

बाजारभावाच्या निम्म्यात असा फ्लॅट कोण देतं, हे तिला कळायला नको होतं का? एरवी ही बाई कोथिंबिरीची जुडी चारदा उलटीपालटी करून घेते. पण त्या दिवशी तिला एकच दिसत होतं. वर आपण खलबत्ता कुटतोय, आणि खाली किर्ती छताकडे बघत बसलीय. अहाहा! नुसत्या कल्पनेनंच तिला रात्री छान झोप लागली.

एजंटाचं नाव जयदेव. बोलणं नुसतं साखरेत घोळलेलं. चावी त्याच्याकडेच होती. मालक कुठे? "दुबईला, मावशी. सगळा व्यवहार आपल्याकडेच." लाइट बिल? "पाठवतो ना." करार? "स्टॅम्प पेपरवर लिहून देतो. रजिस्टर करायच्या खर्चात कशाला पडता?" आणि वर म्हणतो, "राहायला येईपर्यंत कुणाला बोलू नका हां. लोकांची नजर वाईट." हे मात्र बकुळाला फार म्हणजे फारच पटलं. किर्ती जळावी म्हणून तर घर घ्यायचं, पण तिची नजर आधी लागून कसं चालेल? लिफ्टमध्ये जाऊ भेटेल या धास्तीनं ती डोक्यावरून पदर ओढून जिन्यानं चढली. किर्तीच्या दारावरून पुढे गेली, चोरासारखी.

आईनं दिलेल्या पाटल्या मोडायच्या ठरल्या. सराफाकडे निघायचं त्याच सकाळी जयदेवचा फोन आला. "मावशी, लवकर करा. बदलापूरला मांजर्लीची रखमाबाई आहे, पोळीभाजी विकते. तिनं पैसे तयार ठेवलेत. जो आधी देईल त्याचा फ्लॅट."

दुसरी कुणी असती तर धावत सराफाकडे गेली असती. बकुळा धावली बदलापूरला. कोण ही सटवी, माझ्या जावेच्या डोक्यावर बसणारी? तोंड तरी बघू दे मेलीचं!

मांजर्लीत पोळीभाजीवाली शोधणं काही अवघड नव्हतं. तळमजल्याची खोली, भिंतीवर कमरेएवढी पुराच्या पाण्याची रेघ, आणि रखमाबाई भांडी गोणीत भरत होती. बकुळा दारातूनच सुरू झाली, "अंबरनाथचा फ्लॅट तुम्ही घेताय म्हणे. तो माझा आहे!"

रखमाबाईनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तूच होय ती जीन्सवाली? दिवसातनं चारदा त्याला फोन करणारी? अगं बये, तुझ्याच भीतीनं मी परवा सगळे पैसे देऊन टाकले. इतकी वर्षं पोळ्या लाटून साठवलेले."

"परवा? मग मला आज कशाला फोन केला त्यानं?"

रखमाबाईच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. तिनं जयदेवला फोन लावला. वाजत राहिला. मग बकुळानं आपल्या फोनवरून लावला, तर लगेच, "बोला मावशी, निघालात का?" रखमाबाईनं तो हिसकावून घेतला आणि ओरडली, "माझे पैसे आण, मुडद्या!" फोन कट झाला. त्यानंतर तो नंबर लागलाच नाही.

दोघी तडक अंबरनाथला आल्या. वर फ्लॅटला नवं कुलूप, जयदेवनं रखमाबाईला दिलेली चावी त्यात शिरेचना. आता विचारायचं कुणाला? बकुळा एक मजला उतरली आणि तिनं किर्तीची बेल वाजवली.

किर्तीनं सगळं ऐकून कपाळावर हात मारला. "तो कसला एजंट, ताई! वरचा भाडेकरू आहे तो. मालक इथंच पूर्वेला राहतात. गेल्या महिन्यात एका कुटुंबाला असंच फसवलंन, म्हणून सोसायटीनं त्याला घर सोडायला सांगितलंय. जाता जाता मिळेल तेवढं गोळा करतोय मेला. थांबा, मालकांना फोन लावते, मग पोलिसांत जाऊ." ती फोन आणायला आत गेली.

रखमाबाई जमिनीवर बसली होती. "ही तुझी कोण?"

"जाऊ."

"सख्खी?"

"सख्खी."

"हिच्या दारावरून तू वर गेलीस फ्लॅट बघायला. आणि एक शब्द विचारला नाहीस? तू विचारलं असतंस तर तिथंच सगळं उघडं पडलं असतं. तुझं नाव सांगून त्यानं मला भीती घातली नसती."

नजर लागते म्हणून, असं काहीतरी बकुळाच्या ओठावर आलं. पण त्या बाईपुढे ते बोलवेना. "जळत होते हो मावशी तिच्यावर," ती म्हणाली. किर्ती फोन कानाला लावून तिच्या मागेच येऊन उभी होती.

रखमाबाईनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं.

"म्हणजे तुझ्या जळण्यापायी," ती म्हणाली, "मी ह्या पावसाळ्यात पुन्हा त्याच पाण्यात उभी राहणार होय?"