राग नाही, बाबा

आज अमरावतीला बाबांचा दहावा झाला. पिंडाला कावळा शिवेना. "आईला सांभाळीन" म्हटलं, तरी नाही.

मग आई हळूच म्हणाली, "तुह्या बास्केटबॉलचं त्यायच्या मनात राह्यलं. राग नाही म्हन त्यायले."

राज्याच्या संघात निवड झाली, तेव्हा बाबांनी मला अकोल्याच्या नोकरीवर धाडलं. त्यावर आम्ही कधीच बोललो नाही. आज पन्नाशीतही मी रोज सकाळी एकटाच खेळतो.

हात जोडून म्हटलं, "बाबा, राग नाही."

कावळा लगेच उतरला. काका म्हणाले, "पाह्य, याच्यासाठीच अडून बसला होता बुढा!" सगळे हसले.

मित्रांनो, मी खोटं बोललो. राग अजून आहे. बाबा होते तेव्हाच भांडून तो संपवायला हवा होता, नाही का?