चादरीची चुणी

मरणपंथाला लागलेल्या नवऱ्याला कुठे ठेवायचं, हे ठरवायला इस्त्रीवाल्या आक्कानं तीन सेवाघरं पालथी घातली. माहितीपत्रकं वाचतंय कोण! ती सरळ रुग्णाच्या पाठीखाली हात घालून चादरीची चुणी शोधायची; चुणी राहिली की पडून राहिलेल्याच्या पाठीला जखमा होतात. पहिल्या दोन्हीकडे वीस जणांमागे एक नर्स आणि बोटभर चुण्या. तिसरीकडे चौघांमागे एक. तिथंही तिनं एका म्हाताऱ्या रुग्णाच्या पाठीखाली हात घातला, तसा नर्सनं तो धरला.

"आक्का, आधी आजोबांना विचारा."

"अगं, ते तर बेशुद्ध आहेत!"

"म्हणून काय झालं?"

नर्स त्यांच्या कानाशी वाकली. "आजोबा, चादर बघू का?" म्हणाली आणि खरंच उत्तरासाठी थांबली. भल्याभल्यांना गप्प करणारी आक्काही हात मागे घेऊन थांबली.

मग हळूच म्हणाली, "आमच्या ह्यांना उद्याच आणते."