म्हाताऱ्यावरचा भार

ओझरच्या रस्त्याला एका तरुणाचा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. बोलताना तो टेबलावर बोटांनी ठेका धरतो आणि आपल्या जुन्या कॉम्प्युटरला ‘म्हातारा’ म्हणतो. मढच्या माझ्या आत्याने त्याच्याकडे जात्यावरच्या ओव्या गायल्या. तिला दम लागतो. पुन्हा गाणं जमणार नव्हतं. आठवड्याने आम्ही दोघं ऐकायला गेलो, तर आवाज तडतडत तुटू लागला.

“माझं गाणं गेलं का रं?” आत्या घाबरली.

“न्हाई आजी, तुमचं शाबूत हाय. म्हाताऱ्यावर माझ्या वाद्यांचाच भार लई झालाय.”

ओव्यांवर मागाहून खपून चढवलेली बासरी, तबला, टाळ, सगळं त्याने एकेक करत बंद केलं. आत्याचा आवाज मोकळा झाला. भार हलका करून वाद्यं परत लावायची युक्ती त्याला येत होती. पण आत्या डोळे मिटून स्वतःला ऐकत होती. त्याने माऊसवरचा हात काढून घेतला.