रिठीतलं वावर

रिठी म्हणजे काय हे हैदराबादच्या पोरांना कळलं नाही, त्याचा मला राग नाही. पण आमच्या भद्रावतीकडच्या माणसाला कळू नये? अन् त्याला पक्कं कळत होतं, तेच तर दुखणं आहे. ज्या गावातली माणसं कधीकाळी रोगराईनं नाहीतर जनावराच्या भीतीनं उठून गेली, ती आमच्याकडं रिठी. घरं मातीला मिळाली, पण गावाचं नाव, शिवार अन् मारुती जागेवरच राहिले. बाजूच्या गावचे लोक रिठीतली वावरं वाहतात, कापूस-सोयाबीन काढतात, सणाला मारुतीपुढं नारळ फोडून येतात. सरकारी कागदावर मात्र लोकसंख्येपुढं शून्य.

मी एका कोळसा खाणीच्या ऑफिसात रेकॉर्ड सांभाळते. जमीन घेतल्याचे पंचनामे, नोकरीचे अर्ज, भांडणतंटे, सगळं आधी लाल कापडाच्या बस्त्यांत होतं. मग ते स्कॅन होऊन आमच्याच इमारतीतल्या सर्व्हरवर चढलं. त्या खोलीत इतका एसी की आत जाताना मी शाल घ्यायची. बस्ते गोदामात फेकले, त्यांचा भुसा वाळवीनं केला. कोणी हळहळलं नाही, सर्व्हर होता ना! मग वरून हुकूम आला, सर्व्हर जुना झाला, कोणीही हॅक करेल, सगळं क्लाउडवर हलवा. तिथं कसं एकदम सुरक्षित.

हलवायला हैदराबादहून आलेली पोरं गुणी होती, खोटं कशाला बोलू. त्यांचं म्हणणं एवढंच, की ज्याची गरज उरली नाही ते न्यायचं नाही. फालतू माहिती जितकी जास्त, तितकी चोरीची भीती जास्त. घर बदलताना आपण फुटकी बादली नेत नाही, तसं. त्यांनी आमच्या जमीन विभागाच्या साहेबांना विचारलं, कोणत्या गावांत आता माणूस नाही? साहेब इथलेच, शेतकऱ्याच्या घरचे. त्यांनी एकेका रिठीपुढं खूण केली. झालं! खोटं काय केलं त्यांनी? काहीच नाही.

रिठींच्या फायली मागंच राहिल्या. काम संपल्यावर जुना सर्व्हर असा पुसला, की त्यातलं एक अक्षरही कोणाला परत काढता येऊ नये. तसं प्रमाणपत्र आलं, ऑफिसात पेढे वाटले. मीही खाल्ला. मला काय माहीत, आपण कशाचं तोंड गोड करून राह्यलो!

मला कळलं ते एका विधवा बाईमुळं. नवऱ्याचं रिठीतलं वावर आमच्या खाणीत गेलेलं. वावराच्या बदली घरातल्या एकाला नोकरी, असा कंपनीचा नियम. नवरा मेल्यावर तिनं पोरीचं नाव दिलं होतं. पोरगी बारावी झालेली, कॉम्प्युटर शिकलेली, अन् नोकरीचं वय तिचं त्याच वर्षी सरत होतं. म्हणजे तिच्या दाव्याच्या पुढच्या सुनावणीत झालं तर झालं, नाहीतर कायमचं बोंबललं.

बाई सुनावणीच्या आधी येऊन बसली. "बाई, माही फाईल कहाडून ठेवजा बरं. साहेबापुढं घोळ नको व्हायले."

मी पासवर्ड टाकला, मोबाईलवर आलेला आकडा टाकला, तिचं नाव टाकलं. काही नाही. नवऱ्याचं टाकलं. नाही. गावाचं टाकलं, तर गावच नाही!

"काऊन बाई, तोंड काऊन उतरलं?"

"थांबा जराशा," म्हणून मी बाहेर जाऊन त्या हैदराबादच्या पोराला फोन लावला.

"मॅडम, ती गावं रिकामी होती. तुमच्याच ऑफिसनं सांगितलं."

"अरे बाबा, गाव रिकामं म्हणून वावर रिकामं असते का?"

बॅकअपचं विचारलं, तर तोही पुसलेला. सुरक्षेसाठी! मी त्याला नाही नाही ते बोलले अन् तशीच तणतणत साहेबांच्या केबिनमध्ये शिरले.

साहेब खाली बघून म्हणाले, "मले लोकसंख्या विचारली, मी लोकसंख्या सांगतली."

"अन् वावरं?"

"वावरं कोणी विचारलीच नाई."

सातबारा सासऱ्याच्या नावचा होता. भावाभावांतली वाटणी तोंडी, आमच्याकडं होते तशी. कोणता तुकडा कोण वाहतो, हे लिहिलेलं फक्त खाणीच्या पंचनाम्यात. तिची स्वतःची प्रतही तिनं आम्हालाच आणून दिली होती, "माहं घर गळते, तुमच्यापाशी चांगली राहीन" म्हणून. इतका विश्वास! कुठं ठेवायचं होतं आम्ही तोंड?

सुनावणीला मायलेकी दोघी आल्या. पोरगी इस्त्रीच्या ड्रेसमध्ये, कागदांची प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून. साहेबांनी सांगितलं, की पंचनाम्याची नोंद आढळत नाही. बाईला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ती रडली नाही, चिडली.

"फाईल नाई तं नाई, साहेब. खड्डा तं आहे न? माहं वावर त्याच खड्ड्यात आहे. चाला, दाखवतो."

कोणी उठलं नाही. मी मधे बोलले, की फाईल होती, मी स्वतः पाहिली होती. सुनावणी घेणाऱ्या मोठ्या साहेबांनी मला हातानंच गप्प केलं. मग ते म्हणाले, "तुमचं कुटुंब तिथं होतं, असा ग्रामपंचायतीचा दाखला आणा."

पोरगी बोलली, "रिठीले ग्रामपंचायत कुठची, सर?"

दावा फेटाळला. पोरीनं मायचा दंड धरला, "चाल माय, गाडी सुटन," अन् दोघी एसटी पकडायला गेल्या. मी बाथरूमात जाऊन नळ सोडून रडले. संताप इतका आला होता की नोकरी तोंडावर मारावी वाटली. मारली नाही. वर्ष सरलं, पोरीचं वय गेलं.

सुनावणीचा तो आदेश सिस्टिममध्ये चढवायचं काम माझ्याकडंच आलं. आता त्या बाईचं नाव टाकलं, की एकच कागद उघडतो: दावा नामंजूर. नेट कितीही रडत असो, तो लगेच उघडतो. कुठल्या कुठल्या शहरांत त्याच्या प्रती कुलपात ठेवलेल्या आहेत, इथं पूर आला, आग लागली, तरी त्याला काही होणार नाही.