पूजेतला चष्मा

प्रयोगशाळा हे विज्ञानाचं मंदिर असतं, आणि मंदिरात शिरताना माणसाने आपला अहंकार बाहेर ठेवावा.

हे वाक्य आमच्या प्राचार्यांचं. भोर-वेल्ह्याकडच्या मुलांसाठी कॉलेजात रसायनशास्त्राची नवी संशोधन प्रयोगशाळा झाली, तेव्हा उद्घाटनाच्या भाषणात त्यांनी ते उच्चारलं. पुढे ते दारावर रंगवून घेतलं. अहंकार बाहेर ठेवलेला कुणी पाहिला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून चपला बाहेर राहू लागल्या. फरशी पांढरीशुभ्र होती आणि मुलं भातखाचरांच्या वाटेने येणारी, त्यामुळे मंदिराची कल्पना सगळ्यांनाच सोयीची वाटली. ज्या खोलीत अ‍ॅसिडच्या बाटल्या आणि फुटणारी काच असते, तिथे एम.एस्सी.ची मुलं अनवाणी काम करू लागली. मी कॉलेजच्या सुरक्षा समितीचा अध्यक्ष होतो. माझीही चप्पल बाहेरच असे.

त्याच उद्घाटनात आणखी एक गोष्ट घडली. अंगावर काही सांडलं तर साखळी ओढून डोक्यावर पाणी घ्यायचं, असा एक शॉवर दाराशेजारी बसवला होता. त्याच्या जवळच कोनशिलेच्या पडद्याची दोरी लोंबत होती. प्रमुख पाहुण्यांनी टाळ्यांच्या गजरात जे हाताला लागलं ते ओढलं. शॉवर उत्तम स्थितीत होता. पाहुण्यांचा फेटा सुकायला दोन दिवस लागले असं नंतर कळलं. त्या संध्याकाळी प्राचार्य मला म्हणाले, "ते आधी बंद करा." मी स्टुलावर चढून वरचा कॉक बंद केला आणि समितीच्या वहीत 'शॉवरची चाचणी यशस्वी' अशी नोंद केली.

आमच्या प्रयोगशाळेचा खरा कारभार परिचराच्या हातात होता. सगळे त्यांना मामा म्हणत. मामा भोर शहरातले. ईदचा शीरखुर्मा आम्ही दरवर्षी त्यांच्याच घरी खातो, आणि कॉलेजातली खंडेनवमीची पूजा दरवर्षी तेच मांडतात. वीस वर्षं मांडत असल्याने विडा कुठे, सुपारी कुठे, आंब्याचे टहाळे किती, यावर त्यांचा शब्द शेवटचा. संस्कृतचे प्राध्यापकसुद्धा त्यांना विचारून हळद-कुंकू वाहतात. शेतकरी नांगर-कोयत्यांची पूजा करतो, तशी आम्ही तराजूची, ओव्हनची आणि आग विझवायच्या लाल नळकांड्याची करतो. एकदा पूजा मांडली की दसऱ्याला ती हलवेपर्यंत त्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही.

त्या वर्षी मला एक कल्पना सुचली. समित्यांच्या अध्यक्षांना कल्पना सुचणं हाच मुळात एक धोका असतो, पण त्याची नोंद कुठल्याही नियमावलीत नाही. डोळ्यांना लावायचे प्लास्टिकचे सुरक्षाचष्मे आमच्याकडे एक डझन होते. ओरखडे पडू नयेत म्हणून ते बहुतेक वेळा कपाटातच असत. सुरक्षेला मानाचं स्थान मिळावं म्हणून मी ते बाराही चष्मे पूजेत अर्धवर्तुळ करून मांडले. प्रत्येकावर हळद-कुंकू वाहिलं. शॉवरच्या साखळीलाही झेंडूची माळ बांधली. प्राचार्यांनी फोटो काढला.

मामा म्हणाले, "चष्मं कशापाई, सर? उद्या कुणाला लागलं तर?"

"उद्या दसरा आहे, मामा. कोण येतंय काम करायला?"

कुणी उद्याची वाट पाहिली नाही. आमच्याकडे पासलीची एक मुलगी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. डोंगरातल्या तिच्या गावात भात भरपूर, आणि भाताच्या तुसाचं काय करायचं हा प्रश्न त्याहून भरपूर. तुसाची राख कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून तिच्यातून सिलिका काढायची, आणि त्या सिलिकाने पाणी गाळायचं, असा तिचा प्रकल्प. दसऱ्यानंतर चार दिवसांनी पुण्यात संशोधन स्पर्धा होती आणि शेवटचा नमुना व्हायचा होता. आरती झाल्यावर ती चपला बाहेर काढून आत आली आणि मला म्हणाली,

"सर, यातला एक चष्मा घेऊ?"

मी पेढे वाटत होतो. "अगं, पूजा हलवायची नसते. परवा घे."

"परवा उकळलं तर वाळणार कधी?"

"मग आज कर. पण जपून."

आपल्याकडे सुरक्षेचं सगळं शास्त्र या एका शब्दात मावतं. विहिरीत उतरणाऱ्याला, विजेच्या खांबावर चढणाऱ्याला, टेम्पोच्या टपावर बसणाऱ्याला आपण तोच शब्द देतो आणि आपलं कर्तव्य झालं असं मानतो. मी तर अध्यक्ष होतो. माझ्या 'जपून'ला हुद्द्याचं वजन होतं.

पाऊण तासाने चंचुपात्रातलं मिश्रण एकदम उसळलं. राखेसकट उकळतं कॉस्टिक तिच्या कपाळावर आणि उजव्या डोळ्यावर आलं, पात्र कलंडलं, उरलेलं फरशीवर सांडलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "मामा, डोळा."

मामांनी तिला दंडाला धरून शॉवरखाली नेलं आणि साखळी ओढली. झेंडूची माळ खाली पडली. पाण्याचा थेंब आला नाही. मला तेव्हा तो कॉक आठवला. मामा थांबले नाहीत. शेजारीच पूजेचा कळस होता. त्यातली पानं आणि नारळ त्यांनी बाजूला काढले आणि ते पाणी तिच्या डोळ्यावर ओतलं. मग तिला ओट्याशी नेऊन नळाची रबरी नळी डोळ्यावर धरली.

"डोळा उघड."

"उघडत न्हाई, मामा."

"उघड म्हन्तो ना. तुज्या आईला काय सांगू म्या?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सर, पुस्तकात किती वेळ लिवलंय?"

"पंधरा मिनिटं. कमीत कमी."

"मग घड्याळ बघा. त्यो पेढा ठिवा आधी."

पेढा माझ्या हातातच होता. मी तो ठेवला, घड्याळ बघितलं. पंधरा मिनिटं हा काळ एरवी आमच्या समितीच्या बैठकीत चहा येईपर्यंत जातो. त्या दिवशी तो किती लांब असतो ते कळलं. आठव्या मिनिटाला ती म्हणाली, "पाय जळतायत." तेव्हा आमच्या लक्षात आलं की ती मघाशी सांडलेल्या कॉस्टिकमधून अनवाणी चालत आली होती. मामा एका हाताने डोळ्यावर आणि दुसऱ्या हाताने तांब्याने पायांवर पाणी घालत राहिले. वीस मिनिटांनी कॉलेजच्या जीपमधून आम्ही भोरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. नसरापूरच्या पुढे ती म्हणाली, "सर, नमुना गेला का?" मी म्हटलं, "त्याचं नंतर बघू." ती म्हणाली, "म्हणजे गेला."

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. तेवढ्या वेळात मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वरून खाली आणि खालून वर वाचला. अखेर डॉक्टर म्हणाले, "डोळा वाचला. लगेच पाणी मारलं म्हणून." मग पायावरचे फोड पाहून त्यांनी मला विचारलं, "बूट नव्हते हिच्या पायात?"

"चपला होत्या. बाहेर काढल्या होत्या."

"का?"

दारावरचं वाक्य मला तोंडपाठ होतं, पण ते डॉक्टरांसमोर म्हणवलं नाही. मी एक चष्मा पूजेतून उचलून दिला असता तर हे सगळं लिहायला मला विषयच मिळाला नसता, आणि ते फार बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे दसऱ्याला, मामांनी कळस पुन्हा भरला. मी जरा चाचरत विचारलं, "पूजा मध्येच मोडली, चालेल ना?"

"कळस परत भरतोय की, सर. कुणाला तक्रार असंल तर माज्याकडं पाठवा." आजवर कुणी गेलेलं नाही.

मुलगी जुन्या नमुन्यावर स्पर्धेला गेली. परीक्षकांनी विचारलं, काय काय खबरदारी घेतली. ती म्हणाली, "खंडेनवमी सोडून रोज चष्मा लावला." परीक्षकांना तो विनोद वाटला आणि तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

परत आल्यावर तिने प्राचार्यांना अर्ज दिला. त्यात तीन मागण्या होत्या: चष्मे कपाटात किंवा पूजेत न ठेवता दाराशी टांगावेत, शॉवरचा कॉक उघडा ठेवावा, आणि आत येताना बंद बूट घालायला परवानगी असावी. अर्जावर शिफारस म्हणून मी सही केली. त्या पदावर असताना जिचा कुणाला उपयोग झाला, अशी माझी ती एकच सही असावी. पहिल्या दोन मागण्या तिथल्या तिथे मान्य झाल्या. कॉक मी स्वतः स्टुलावर चढून उघडला. तिसऱ्या मागणीवर प्राचार्यांनी 'विचाराधीन' असा शेरा मारला, कारण फरशी अजून पांढरी होती.

यंदाच्या खंडेनवमीला पूजेत एकही चष्मा नव्हता. ते मुलांच्या डोळ्यांवर होते, आणि पासलीची मुलगी आता नव्या मुलांना तुसाची राख उकळायला शिकवत होती. शॉवरला पाणी होतं. चपला अजून बाहेरच काढतात.

आरतीच्या वेळी माझी चोरीला गेली.