जिनिंगच्या भिंतीपर्यंत दिसते

आमचा दादा टेस्ट केल्याबिगर काहीच इकत नव्हता. दादा म्हणजे मपला चुलतभाऊ. परतूरला स्टेशनच्या रोडवर त्याचं पत्र्याचं दुकान व्हतं, घड्याळं अन् ब्याटऱ्या दुरुस्तीचं. कुणी घड्याळाचा सेल बदलायला आलं की दादा नवा सेल टाकायचा, घड्याळ कानाला लावायचा अन् म्हणायचा, "बसा थोडं. चालून राह्यलं का पाहू." गिऱ्हाईक बसायचं. तेवढ्यात त्याची परभणीची गाडी निघून जायची. पण किती वाजता गेली ते त्याला बराबर कळायचं.

मी तिथं काय करायचो? नकला. साळेत हेडमास्तरची केली म्हणून मार खाल्ला, घरी आत्याची केली म्हणून जेवण बंद झालं, मंग दादाच्या स्टुलावर येऊन बसलो. स्टेशनवरच्या भोंग्यातली बाई, कापसाच्या गाड्या हाकणारे, कुकर, गंजलेली कडी, सगळ्यांचे आवाज काढायचो. दादा मान वर न करता म्हणायचा, "कुकरची शिट्टी बराबर न्हाई. परत." म्हणजे त्या दुकानात नकलासुद्धा टेस्ट व्हायच्या.

नव्वदचं दशक सरत आल्तं तव्हा दादानं औरंगाबादहून लेझर लाइटचा एक डबा आणला. करंगळीएवढी पितळी कांडी, मागं किल्ल्यांची साखळी, बटण दाबलं की समोर लाल ठिपका. तोंडाला लावायला टोपणं यायची, कुणात बाण, कुणात फुलपाखरू, कुणात बदाम. तसलं टोपण लावलं की भिंतीवर तसलं चित्र. बाजारात बाकीचे दुकानदार ओरडून इकून राह्यले व्हते, दोन किलोमीटर जाते, चंद्रावर जाते, आयुष्यभराची गॅरंटी. दादानं डबा कपाटात ठेवून दिला.

"आधी पाहू," म्हणला.

दुकानाच्या समोर, मोकळ्या मैदानाच्या पल्याड, कापसाच्या जिनिंगची लांबच्या लांब पांढरी भिंत व्हती. दिवेलागणीला दादानं मला त्या भिंतीपाशी उभं केलं अन् स्वतः दुकानातून बटण दाबलं. ठिपका दिसला की मी ओरडून सांगायचं, असं ठरल्तं. नुसतं ओरडायला मी काय चौकीदार हाये का? मी भोंग्यातल्या बाईचा आवाज लावला. "लाल ठिपका एक्सप्रेस भिंत क्रमांक एकवर येऊन राह्यली हाये. मांजरांनी कृपया लाइनपासून दूर राहावं." मांजर खरंच आल्तं. जिनिंगचं लठ्ठ बोकं ठिपक्यामागं भिंतीवर उड्या हाणून राह्यलं व्हतं. दादा तिकडून ओरडला, "मांजराचं सोड! कडा फाटली का गोल हाये ते सांग!"

दुसऱ्या दिवशी दुकानावर रंगानं लिहिलेली पाटी लागली. 'लेझर लाइट. जिनिंगच्या भिंतीपर्यंत दिसते. पुढचे माहीत नाही.'

सगळा रोड हसला. काका, म्हणजे दादाचे वडील, कपाळाला हात लावून म्हणले, "अरे, माहीत न्हाई हे लिहून कोणी धंदा करते का?"

"पुढं भिंतच हाये," दादा म्हणला. "कसं माहीत व्हईल?"

मंग मजबुतीची टेस्ट. काउंटरवरून पाडली, चालू. स्टुलावरून पाडली, चालू. गच्चीवरून पाडली, बंद. तळहातावर ठोकली, चालू. मी आणखी एकदा ठोकली, कायमची बंद. पाण्याची टेस्ट मपल्या आईनं घेतली. कांडी मपल्या पॅन्टीच्या खिशात राह्यली व्हती अन् आईनं पॅन्ट धोपटण्याखाली घेतली. आई धोपटते म्हणजे कापडाचा रंगच काय, गिरणीचा शिक्कासुद्धा निघून जाते. लेझर काय टिकणार! दादानं ती उघडली, आतून निळीचं पाणी निघालं. "पाण्यात न्हाई टिकत," तो म्हणला, अगदी खूश होऊन. त्याला एक गोष्ट पक्की कळल्ती ना.

एकच गोष्ट त्यानं टेस्ट करू दिली न्हाई. एकदा मी गंमत म्हणून ठिपका चहावाल्याच्या तोंडाकडं नेला तर दादानं मपल्या बुडाखालचं स्टूल ओढून घेतलं. "डोळ्यात न्हाई मारायची. बिलकुल न्हाई." काकू मात्र सारखी वैतागायची. घरात ठिपका पाडला की म्हणायची, "भिंतीला कुकू लावून राह्यला का रे मेल्या?"

पण खरी टेस्ट त्या दिवसांत दादाचीच चालू व्हती. त्याचं लग्न जमून राह्यलं नव्हतं. 'पोरगा सेल बदलतो' एवढं ऐकूनच लोक नको म्हणायचे. मंग पिंपळगाव रेणुकाईचं ठिकाण आलं. पोरगी पाह्यला मीबी गेल्तो, पोह्यांसाठी. काका म्हणले, "विचार काही." दादा पोहेच खात राह्यला. शेवटी पोरीनंच मान वर करून विचारलं, "दुकानात दिवसभर काय करता?"

दादा म्हणला, "टेस्टिंग."

बस. एवढाच शब्द. मी हसू दाबायला ताटातली मिरची खाल्ली.

परत येताना जालन्याला एस्टी बदलायची व्हती. जालन्याच्या स्टँडवर उतरल्यावर दादा मपला खांदा धरून म्हणला, "हे जमलं पाह्यजे, राव." आवाज असा की मला त्याची नकलबी करता आली न्हाई.

पोरीच्या वडलांनी कळवलं, घर अन् दुकान पाह्यला येतो. काकांनी एस्टीडीच्या बूथवरून त्यांना फोन केला. लाइनीत नुसती खरखर, त्यामुळं काका अख्ख्या रोडला ऐकू जाईल असे ओरडून राह्यले व्हते. "पोराकडं सध्या लेझर! लेझर हो! लई जोरात हाये!" तिकडून पाव्हणे लई खूश झाल्यासारखे वाटले. काका फोन ठेवून म्हणले, "निम्मं काम झालं."

पाव्हणे, म्हणजे पोरीचे वडील, एकटेच आले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, मिशी अशी की तिच्यावर लिंबू ठरंल. काकूनं घर सारवून, झाडून लखलखीत केल्तं. त्यांनी तिकडं पाह्यलंसुद्धा न्हाई. पाणी पिले अन् थेट दुकानात येऊन खुर्चीवर बसले.

"घर ऱ्हाऊ द्या," म्हणले. "लेझीम दाखवा."

काका म्हणले, "कशाची लेझीम?"

"फोनवर तुम्हीच म्हणले ना? लेझीम जोरात हाये म्हणून. मला लई आनंद झाला बघा. तरण्या वयात आमच्या गावच्या लेझमीत म्होरं मीच असायचो. पोरगी म्हणली, ते टेस्टिंग करतेत. म्हणलं, केलीच पाह्यजे. हल्ली चकत्याच पातळ येतेत, वाजतच न्हाईत."

काकांचं तोंड असं झालं, जसं त्यांनीच चकत्या पातळ केल्त्या. दादा काही बोलायच्या आधी काकांनीच घाईनं डब्यातली एक कांडी काढून पाव्हण्यांच्या हातात दिली. पाव्हण्यांनी ती उलटीपालटी केली.

"एवढी बारकी? लेकरायची हाये का?"

अन् त्यांनी लेझर कानापाशी नेऊन हलवली. साखळी जराशी किणकिणली. त्यांच्या मिशीचं एक टोक खाली आलं. "आवाज न्हाई."

मी कपाटामागं बसल्तो. आता सांगा, नकलाकारासमोर माणूस लेझीम हलवून राह्यलाय अन् आवाज न्हाई, हे सहन कसं व्हावं? मपल्या तोंडातून आपोआप निघालं, "छन्न्... छन छन."

पाव्हणे चमकले. परत हलवली. छन्न्, छन छन. मिशी वर गेली. तिसऱ्या वेळी त्यांनी हात वर नेला अन् तिथंच थांबवला. मी वाजवून मोकळा झाल्तो.

पाव्हण्यांनी कपाटाकडं पाह्यलं.

"कोण हाये रे मागं?"

काका जल्दी जल्दी म्हणले, "रेडिओ हाये, रेडिओ."

"रेडिओ न्हाई," दादा म्हणला. "चुलतभाऊ हाये. तोंडानं आवाज काढतो. अन् मामा, ही लेझीम न्हाई. लेझर हाये. लाइट. फोनवर ऐकण्यात चूक झाली."

काकांनी डोळे मिटले. मला वाटलं, झालं, गेली सोयरीक. एका छन्नमधी गेली.

पाव्हण्यांनी मला बोटानं बाहेर बोलावलं. "वाजव."

मी वाजवली.

"ठेका चुकला. वाकताना जड पाह्यजे, उठताना हलका." अन् तो माणूस धोतराचा सोगा खोचून भर रोडवर मला वाकून दाखवायला लागला, हातात लेझर धरून. कापसाची गाडी थांबली. चहावाला किटली घेऊन बाहेर आला. मी तोंडानं वाजवून राह्यलो, ते वाकून राह्यले. त्यांच्या गुडघ्याचा आवाज लेझमीपेक्षा मोठा व्हता, पण ते मी बोललो न्हाई. मलाबी अक्कल हाये थोडी.

दम लागल्यावर ते खुर्चीत बसले. हसू मात्र गेल्तं. आता ते पोरीचे बाप झाल्ते.

"बरं. मंग हे काय करते?"

दादानं दुसरी कांडी उचलली अन् घाबरून बटण दाबलं. टोपण कोणतं हाये ते पाह्यलंच न्हाई. पाव्हण्यांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर, बराबर छातीवर, लाल बदाम उमटला. काकू चहा घेऊन आल्ती, ती तशीच मागं फिरली. पाव्हणे खाली पाहून म्हणले, "हे मला काहून दाखवून राह्यले?"

दादा कानापर्यंत लाल. टोपण काढलं.

"उन्हात दाखवा."

"उन्हात दिसत न्हाई, मामा."

"पाण्यात पडली तर?"

"टिकत न्हाई."

काका मागून खुणा करून राह्यले व्हते, हाव म्हण, टिकते म्हण. मीबी मनातल्या मनात म्हणून राह्यलो व्हतो, म्हण ना रे बाबा, तुव्हं काय जातंय?

पाव्हण्यांनी रोडवरच्या कापसाच्या गाडीकडं बोट केलं. "चाकाखाली आली तर?"

"चाकाखाली? पत्रा व्हईल."

"मंग इकता कशाला?"

दादा म्हणला, "दिवस मावळला की जिनिंगच्या भिंतीपर्यंत दिसते. स्टुलावरून पडली तरी चालते. तेवढंच सांगून इकतो."

पाव्हण्यांनी वर पाटीकडं पाह्यलं. ओठ हलवत वाचली. मंग घड्याळाकडं पाह्यलं. त्यांना चारची एस्टी पकडायची व्हती.

"दिवस मावळायला किती टाइम हाये?"

ते थांबले. संध्याकाळच्या रेल्वेनं जालन्यापर्यंत जाऊ म्हणले. काकूनं दोनदा चहा केला, ते दोन्ही वेळा पिले. दादा घड्याळं दुरुस्त करायचं सोंग करून राह्यला व्हता. एकाच घड्याळाचं झाकण कितीदा उघडलं ते त्यालाच माहीत.

दिवेलागण झाली. पाव्हणे म्हणले, "पोराला नका पाठवू. मीच जातो." मैदान ओलांडून गेले अन् भिंतीपाशी उभे राह्यले. दादानं बटण दाबलं. त्याचा हात एवढा हलून राह्यला व्हता की भिंतीवर ठिपका नाचून राह्यला. अन् पाव्हणे त्याच्या मागं! इकडं हात मारला, तिकडं हात मारला. जिनिंगचं बोकं बाजूला बसून पाहून राह्यलं व्हतं, आज आपल्या जागी कोण आलंय म्हणून. मी दादाचं मनगट दोन्ही हातांनी धरलं तव्हा ठिपका थांबला. पाव्हण्यांनी त्याच्यावर तळहात ठेवला.

"आली!" ते तिकडून ओरडले. "हातावर आली!"

परत येऊन त्यांनी एकच कांडी मागितली. "घरी दाखवतो," म्हणले. अन् हाव न्हाई काही न बोलता रेल्वेत बसले.

मंग आमची वाट पाहणी सुरू झाली. एस्टीडीवाल्याच्या घंटीला दादा उभा राह्यचा. मी एकदा घंटीची नकल केली. परत कधी केली न्हाई. त्याचा चेहरा पाहून मलाच कसंतरी झालं.

शेवटी खरा फोन आला. काकांनी घेतला, आम्ही दोघं त्यांच्या दोन्ही बाजूला चिकटलो. पाव्हण्यांचा आवाज खरखरीतून बाहेर येऊन राह्यला व्हता. "तुमची कांडी बंद पडली! पोरीच्या हातून घागरीत गेली! पोरगी म्हणती, बदलून मिळंल का?"

"मिळंल!" काका ओरडले. "दोन देऊ! डबा देऊ!"

दादानं फोन त्यांच्या हातातून काढून घेतला. घाम फुटल्ता, पण आवाज घड्याळ देताना असतो तसाच. "मामा, बदलून न्हाई मिळणार. पाण्यात टिकत न्हाई म्हणून सांगितल्तं."

काका एस्टीडीवाल्याच्या पायरीवर मटकन बसले. मंग पाव्हणे तिथल्याच कुणाला तरी म्हणले, "बराबर तू म्हणली तेच म्हणला." अन् खरखरीच्या मागून पोरीचं हसू ऐकू आलं.

"काढा तारीख," पाव्हणे म्हणले. "अन् वरातीत ते वाजवणारं पोरगं पाह्यजे!"

वरातीत पाव्हण्यांनी माळ्यावरची खरी लेझीम काढून आणली. मी तोंडानं, ते हातानं. ठेका माझाच जास्त बराबर व्हता, वाटल्यास चहावाल्याला विचारा.

वहिनी घरात रुळल्यावर एकदा दुकानात डबा घेऊन आल्ती. मी विचारलं, "वहिनी, ती कांडी खरंच घागरीत पडली व्हती का?"

"पडली न्हाई," ती म्हणली. "टाकली."

"काहून?"

वहिनीनं डबा काउंटरवर ठेवला, पाटी वाचली अन् दादाकडं पाहून म्हणली, "टेस्टिंग."

दादानं कानाला लावलेलं घड्याळ खाली घेतलं न्हाई. पण ते बंद व्हतं, मला पक्कं माहीत हाये. सेल मपल्या हातात व्हता.