सरीबाहेर उगवलेली रोपं

"डोळे मीट," डॉक्टर माझ्या रेणुकाला म्हणाले. तिनं मिटले आणि उभ्या उभ्या कलंडली. त्यांनी तिला धरलं, खुर्चीत बसवलं, मग जेनेटिक टेस्टचा कागद पुढं ओढला. "अटॅक्सिया."

अटॅक्सिया म्हणजे तोल जाण्याचा आजार. आपला पाय कुठं पडतोय हे न बघताही आपल्याला कळतं, कारण पायाची खबर मेंदूला जाते. रेणुकाची ती खबर हळूहळू बंद पडत होती. "हे थांबवता येणार नाही. व्यायामानं आहे ते थोडं टिकेल," डॉक्टर म्हणाले. "सुरुवात कधी झाली?"

मला बराबर माहीत होतं. मी म्हणाले, "लक्षात नाही."

आम्ही जालना जिल्ह्यातल्या वाटूरचे. घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. गावात मला मॅडम म्हणतात आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू?

दोन वर्षांमागं कापूस लावताना नऊ वर्षांची रेणुका पहिल्यांदा सरकी टाकत सरीतून चालली. आठवड्यानं उगवलं, तर तेवढी एकच सरी नागमोडी. दीर हसले, "वहिनी, ग्रॅज्युएटची पोरगी पिऊन चालल्यागत चालली की."

मला ते लागलं. सरीबाहेरची सगळी रोपं मी उपटली आणि तिला पुन्हा त्याच सरीत उभं केलं. "लक्ष कुठं राह्यतं तुझं?"

"मम्मी, मी सरळच चालून राह्यले."

मी पाठीत धपाटा घातला. मंग तिची लंगडी बंद, दोरीवरच्या उड्या बंद. पडते म्हणून घरात बसवून शुद्धलेखन. अक्षर बिघडत गेलं, तसं मी शुद्धलेखन वाढवलं. असं एक वर्ष गेलं. मग शेवटी दवाखाना, एमआरआय, नसांची तपासणी, रिपोर्टची वाट बघत बाकड्यावर काढलेले दिवस.

जालना शहरात, नवीन जालना भागात, फिजिओथेरपीच्या ताई फरशीवर टेपचे चौकोन करून तिला चालवतात. त्या म्हणाल्या, "मुलं जागेचा अंदाज अंगानं शिकतात. लंगडीत, झाडावर चढताना."

मी विचारलं, "खेळू दिलं असतं तर आजार थांबला असता?"

"नाही. तो आलाच असता. पण तिचं खेळायचं एक वर्ष गेलं."

तुमचं मूल सारखं पडत असेल, दारच्या चौकटीला धडकत असेल, तर त्याला वेंधळं म्हणू नका. आधी डॉक्टरला दाखवा. मी एवढी शिकलेली, मला सुचलं न्हाई.

सरकी लावताना अंतर धरायची गाठींची दोरी आता अंगणात बांधली आहे. रेणुका तिला धरून चालते. दिवाळीत शेवटच्या गाठीपर्यंत जायची. आता निम्म्यावर बसते.

यंदा लावणीला दीर स्वतःच म्हणाले, "चल रेणू, तुझी सरी धर." एका बाजूनं ते, एका बाजूनं मी. आठ पावलं सरकी टाकून ती दमली. त्यांनी तिला खांद्यावर घेतलं आणि माझ्याकडं न बघता बांधाकडं निघून गेले. त्यांचे आभार मला अजून मानता आले न्हाईत.

सरीच्या तोंडाशी तिची सात रोपं आली आहेत, सगळी सरीबाहेर. खुरपायला येणाऱ्या बायांना मी सांगून ठेवलंय, त्यांना हात लावू नका. पुढच्या वर्षी एवढीही येणार न्हाईत.